एक ठोका म्हणजे थांब

१

ग्रीनवुडांच्या घरात गरम पाणी हवं असेल तर आधी विचारावं लागे. आणि तेही तोंडाने नव्हे, लाकडी चमच्याने.

टॅम्सिनला हे लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, डोक्यावर साबणाचा फेस असताना. शॉवरचं कढत पाणी एकाएकी बर्फगार झालं. तिचा श्वास घशातच अडकला, तोंडातून 'हाः' असा चमत्कारिक आवाज निघाला, आणि ती टॉवेल गुंडाळून तणतणत जिन्याच्या तोंडाशी आली. खाली स्वयंपाकघरात तिचा नवरा वॉरेन निवांत कप विसळत उभा होता.

"अरे, मी आत आहे ना!"

"मग सांगायचं नाही का? दोनदा ठोकलं मी."

"काय ठोकलंस?"

तेव्हा त्याने तिला चमचे दाखवले. एक स्वयंपाकघरात, बॉयलरखालच्या तांब्याच्या पाइपाशेजारी दोरीला टांगलेला. दुसरा वर, न्हाणीघरात, शॉवरमधून हात लांबवला की सापडेल असा. पाइपावर दोन ठोके म्हणजे 'पाण्यात कोणी आहे का?' उलट एक ठोका म्हणजे 'आहे, थांब.' आणि उत्तर आलंच नाही तर वर कोणी नाही, खुशाल नळ सोडा.

कारण साधंच होतं. घरातला बॉयलर कॉम्बी जातीचा. पाणी साठवायची टाकी नाही. नळ सोडला की तेवढ्यापुरता पेटायचा, वाहतं पाणी तापवून द्यायचा, नळ बंद केला की विझायचा. एकाला देताना दुसऱ्याकडे बघायचा नाही. तेवढा वेळ त्याच्याच पाण्यावर खोल्या तापवणारे रेडिएटरसुद्धा उपाशी. "आमच्या वॉरेनसारखा आहे गं," सासूबाई लग्नाआधीच म्हणाल्या होत्या. "एका वेळी एकच काम, तेही कोणी सांगितलं तर."

"पण हाक मारली तर चालत नाही का?" टॅम्सिनने विचारलं.

"भिंती बघ केवढ्या जाड आहेत. शॉवरमध्ये हाक ऐकूच येत नाही. तीस वर्षं चमचाच चालतोय," वॉरेन म्हणाला, आणि उरलेला कप विसळायला वळला.

ती लहानाची मोठी झाली कॉर्नवॉलला, समुद्राकाठच्या तळावर उभ्या केलेल्या एका फिरत्या घरात. आंघोळ म्हणजे तळावरच्या सामाईक न्हाणीघरासमोर टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभं राहणं. तेव्हापासून तिच्या मनात एकच हौस होती: स्वतःचं न्हाणीघर, आतून लावता येणारं स्वतःचं दार, आणि आपण 'पुरे' म्हणेपर्यंत गरम पाणी. बाकी नवऱ्याने काय द्यायचं ते द्यावं. हडर्सफील्डच्या चढावरच्या या दगडी घरात दार मिळालं, न्हाणीघर मिळालं. रांग मात्र तिच्या मागोमाग इथवर आली होती.

२

सासूबाई, म्हणजे ब्रेंडा, घर मुलाच्या स्वाधीन करून बहिणीकडे स्कारबरोला राहायला गेल्या होत्या. जाताना मांजर नेलं, पडदे नेले. चमचे ठेवून गेल्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी टॅम्सिन खरकटी पातेली घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. ओटमील तळाला लागलेलं. गार पाण्याने निघण्यातलं नव्हतं. तिने चमचा घेतला. ठक्, ठक्.

वरून उत्तर आलं. ठक्.

"सकाळी सकाळी तासभर काय घासतो कोण जाणे," ती स्वतःशी म्हणाली आणि टेकली. हात गरम ठेवायला म्हणून खुर्चीमागच्या रेडिएटरवर टेकवले. भिंतीवरच्या कपाटात बॉयलर एकसुरी घुमत होता, आणि तिच्या तळव्यांखाली रेडिएटर हळूहळू निवत चालला होता. म्हणजे वर नळ चालू. एकाला देताना दुसऱ्याकडे बघायचं नाही. तिला आता या घराचं सगळं कळायला लागलं होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

दहा-अकरा मिनिटांनी बॉयलर विझला आणि लगेच रेडिएटरसाठी हलक्या सुरात पुन्हा पेटला. रेडिएटरमध्ये पुन्हा धुगधुगी आली. ती उठून नळाकडे गेली, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि वॉरेन आत आला. नाक लाल, हातमोजे ओले, हातात बर्फ खरवडायची पट्टी.

टॅम्सिन त्याच्याकडे बघतच राहिली. "तू वर नव्हतास?"

"वर? वीस मिनिटं झाली, गाडीच्या काचेशी कुस्ती खेळतोय. चहा टाकलास का?"

"मग आत्ता ठोका कोणी दिला?"

"पाइप गं. तापले की वाजतात. जुनं घर आहे."

"आणि बॉयलर? तोही वाजून वाजून पेटला?"

"रेडिएटरसाठी पेटला असेल."

"रेडिएटर गार पडत होता, वॉरेन. मी त्यावर हात ठेवून बसले होते."

वॉरेनने ओले हातमोजे त्याच रेडिएटरवर ठेवले. "आता तर गरम आहे," तो म्हणाला. नवऱ्यांकडे काही उत्तरं अशी असतात की त्यांच्यापुढे भांडणसुद्धा उभं राहत नाही.

३

पुढच्या आठवड्यात वॉरेनची बसवरची ड्यूटी पहाटेची लागली. सहाला तो घराबाहेर. टॅम्सिनला ग्रंथालयात दहापर्यंत पोचायचं असे, म्हणजे सकाळ सगळी तिची एकटीची.

सोमवारी तिने मुद्दाम ठोकलं नाही. एकट्या बाईने रिकाम्या घराला कसली परवानगी मागायची? सरळ वर गेली, न्हाऊन आली. काही झालं नाही. दिवसभर तिला स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

मंगळवारी पातेली घासताना हाताने आपोआप चमचा उचलला. सवय, दुसरं काय. ठक्, ठक्.

ठक्.

आणि ती थांबली. हेच तिला नंतर सहन होईना. पोलिसांना फोन करावा, शेजारणीला हाक मारावी, निदान पळत सुटावं. ते राहिलं बाजूला. घरात आपल्याखेरीज कोणी नाही हे ठाऊक असलेली एक शहाणीसुरती बाई, समोर रांग आहे म्हटल्यावर हात बांधून गुमान उभी राहिली! बॉयलर अकरा मिनिटं घुमला. मग थांबला. तेव्हा कुठे तिचे पाय हलले.

ती वर गेली. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. आरशावर वाफ होती. ती आपल्या श्वासाची असेल, असं स्वतःला सांगायला तिला अंमळ उशीरच झाला. खिडकी रंगाने चिकटून बसलेली, वर्षानुवर्षं न उघडलेली. टबात कोणी नव्हतं. दांडीवर टॉवेल होता. ओला. लांबीत तीन घड्या घालून, काठाला काठ जुळवून ठेवलेला.

वॉरेन टॉवेल जमिनीवर टाकतो. टॅम्सिन दाराच्या खुंटीला अडकवते.

संध्याकाळी वॉरेनने विजेरी घेऊन माळा बघितला, पलंगाखाली बघितलं, जिन्यावरच्या कपाटात बघितलं. कपाटात पूर्वी कधीतरी पाण्याची टाकी होती. आता नुसते टॉवेल. माळ्यावरून उतरून त्याने धुळीने माखलेले हात तिला दाखवले, पुराव्यासारखे.

"बघ. कोळ्यांखेरीज कोणी नाही."

"कोळी टॉवेलाची घडी घालतात का रे?"

"टॅम, घर आवडत नसेल तर तसं सांग ना. सरळ."

हे मात्र तिला लागलं. घर आवडत नाही? जन्मात पहिल्यांदा तिला घर मिळालं होतं. म्हणून तर ती त्यातल्या एकेका नळासाठी भांडत होती.

४

जॅकी नावाची बाई या भागातल्या अर्ध्या घरांचे बॉयलर बघायची. साठीच्या आतबाहेर, गुडघ्यांना पट्टे, कानामागे पेन्सिल. आल्या आल्या तिने चहात साखर किती ते सांगितलं आणि बॉयलरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"आपोआप पेटतो म्हणतेस?"

"हो. घरात कोणी नसताना."

"कॉम्बी आपोआप पेटत नाही, पोरी. हे बघ." तिने आतला एक भाग पेन्सिलीने दाखवला. "इथे एक बारकं चक्र आहे. नळ सुटला, पाणी वाहायला लागलं, की चक्र फिरतं. चक्र फिरलं की हा पेटतो. रेडिएटरचं सोड, पण नळाचं पाणी वाहत नसेल तर साक्षात राजाने येऊन सांगितलं तरी रेडिएटर गार टाकून पेटणार नाही. त्याच्याकडे कल्पनाशक्ती नाही. माणसात असते, कॉम्बीत नसते."

"म्हणजे मी कल्पना करते?"

"तसं कुठे म्हटलं? मी म्हटलं, हा करत नाही."

जॅकीने तासभर घालवला. दाब बघितला, ठीक होता. एकेक नळ कागदाने पुसून बघितला, कुठे थेंब नाही. झडपा, सांधे, सगळं बघून झालं. शेवटी ती जमिनीवरच बसली आणि गार झालेला चहा प्यायली.

"बॉयलर ठणठणीत आहे. हा पेटला असेल, तर वर कोणीतरी गरम नळ सोडला होता. माझ्यापुरतं उत्तर एवढंच."

"हे उत्तर मला नको होतं हो."

"कळतंय मला." जॅकीने टांगलेल्या चमच्याला बोटाने हलका झोका दिला. "अजून आहे का हा! ब्रेंडाला मी दहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं, बाई, हे ठोकाठोकीचं सोड. जिन्यावरच्या कपाटात परत टाकी बसवू. दोघं एकदम न्हायला बसलात तरी पाणी गार होणार नाही. तर काय म्हणाली माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाली, सगळ्यांना पुरेल एवढं पाणी झालं, तर घरात कोण आहे ते मला कळणार कसं?" जॅकी हसली. टॅम्सिनकडे बघून तिने हसणं आवरतं घेतलं, आणि झाकणाचे स्क्रू जरुरीपेक्षा जास्त वेळ आवळत बसली.

५

रविवारी ब्रेंडा जेवायला आल्या. स्वतःच्या ग्रेव्हीचा डबा घेऊन आल्या, कारण सुनेच्या हाताला अजून ग्रेव्ही बसलेली नव्हती, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. मटण झालं, पुडिंग झालं. वॉरेन सोफ्यावर आडवा होऊन घोरायला लागला, तेव्हा टॅम्सिन ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग ब्रेंडा आल्या, फडकं घेऊन.

"ब्रेंडा, एक विचारू का?"

"ग्रेव्हीचं असेल तर पीठ आधी भाजायचं."

"घरात एकट्या असताना तुम्ही कधी ठोकलं होतंत का? आणि वरून उत्तर आलं, असं कधी झालं?"

ब्रेंडा ताट पुसत राहिल्या. ते कोरडं झालं होतं, तरी पुसत राहिल्या.

"तू थांबलीस ना?"

टॅम्सिनच्या हातातून काटा सुटून बेसिनात पडला. "म्हणजे काय?"

"उत्तर आल्यावर. थांबलीस, का तसाच नळ सोडलास?"

"थांबले."

"मग झालं तर." ब्रेंडांनी ताट ठेवलं, दुसरं घेतलं. "गुणाची आहेस. काही लोक थांबत नाहीत."

"पण कोणासाठी थांबले मी?"

"बॉयलर एक आहे, पोरी. ज्याचा त्याचा नंबर असतो. माझी तीस वर्षं गेली, काही त्रास झाला नाही. आपण विचारावं, सांगितलं तर थांबावं. एवढंसं वळण असलं की माणसं एका घरात राहू शकतात."

"माणसं?"

ब्रेंडांनी शेवटचं ताट कपाटात ठेवलं. फडकं झटकून वाळत घातलं, लांबीत दुमडून; टॅम्सिनने चटकन बघितलं. दोन घड्या. तीन नव्हे.

"आणि ऐक," कोट चढवताना त्या अगदी सहज म्हणाल्या. "तू आत असलीस आणि दोन ठोके आले, तर उत्तर देत जा हं. रुसून बसू नकोस. वॉरेन लहानपणी तसा बसायचा, फटके खाल्लेन. गप्प राहिलं की समोरच्याला वाटतं, आत कोणी नाही."

६

टॅम्सिनचा धीर सुटला तो भीतीने नव्हे, चक्क वैतागाने. गुरुवार होता. ग्रंथालयात शाळेची मुलं यायची होती, म्हणून लवकर पोचायचं होतं. तिने केस धुवायचे ठरवले होते. सव्वासातला ठोकलं, उत्तर आलं. अकरा मिनिटं थांबली. पुन्हा ठोकलं.

ठक्.

"अजून?" ती वर बघून मोठ्याने म्हणाली. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा ठोकलं.

ठक्.

हा ठोका तिला जरा उर्मट वाटला. हे घर कोणाचं? इथे लग्न करून कोण आलं? जन्मभर दुसऱ्यांच्या आंघोळी संपायची वाट बघितली, ती काय आता स्वतःच्या स्वयंपाकघरात पुन्हा बघायला?

तिने गरम नळ धरला आणि पूर्ण सोडला.

बॉयलरचा सूर बदलला. पाणी वाटलं गेलं की तो असा बदलतो. हे आता तिला झोपेतही ओळखू आलं असतं. बेसिनात कोमट धार पडायला लागली. आणि वर, बरोबर तिच्या डोक्यावर, कोणाचा तरी श्वास घशात अडकला.

'हाः.'

तिने तो आवाज ओळखला. पाणी एकाएकी गार झालं की माणूस करतो तो. तिने स्वतःच केला होता, लग्नानंतर चौथ्या दिवशी.

तिने नळ बंद केला. वरही सगळं बंद झालं. आणि त्या शांततेत, छताकडे बघत, तिच्या तोंडून शब्द गेला:

"सॉरी!"

नंतर कित्येक दिवस तिला त्या शब्दाचीच लाज वाटत राहिली. जे नाहीच, त्याची माफी मागितली की ते असतं, असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. वरून काही उत्तर आलं नाही. पण जिन्याची सगळ्यात वरची पायरी, जी वजन पडल्याशिवाय वाजत नाही, ती एकदा वाजली. कोणी तरी वाकून, कोणी नळ सोडला ते बघावं, तशी.

केस न धुताच ती कामावर गेली. दुपारच्या सुट्टीत तिने जॅकीला फोन लावला.

"टाकी बसवून टाका."

"वॉरेनला विचारलंस?"

"या घरात माझं फार विचारून झालं."

७

लग्नात टॅम्सिनच्या वडिलांनी स्पेनला फिरायला जा म्हणून जे पैसे दिले होते, ते बॉयलरला गेले. वॉरेन थोडा कुरकुरला आणि मग, नेहमीप्रमाणे, चहा टाकायला गेला. खरं तर त्यालाही बरं वाटलं असावं. बायकोच्या भुताला स्क्रू आणि पान्ह्याने उत्तर मिळत होतं.

जॅकीने दोन दिवसांत कॉम्बी काढला आणि टाकीवर चालणारा साधा बॉयलर लावला. जिन्यावरच्या कपाटातले टॉवेल बाहेर आले, त्यांच्या जागी गुबगुबीत अस्तर घातलेली मोठी टाकी उभी राहिली. स्वयंपाकघरातला तांब्याचा जुना तुकडा भिंतीला तसाच राहिला. काढला तर फरशा फुटतील, असं जॅकी म्हणाली. वर न्हाणीघरात मात्र सगळे पाइप नवे, पांढरे.

"प्लास्टिक?" टॅम्सिनने विचारलं.

"आता तांबं कोण घालतं? आणि तुझ्या दृष्टीने सोन्यासारखं. ठोकलंस तरी हूं नाही की चूं नाही." जॅकीने टाकीवर प्रेमाने थाप मारली. "हिचं पाणी आधीच तापलेलं असतं. नळ सोडला की गपचूप देते. कळतसुद्धा नाही कोणी घेतलं ते."

टॅम्सिनने दोन्ही चमचे उतरवले आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकले, जो उघडताना डुकरासारखा किंचाळतो. त्याच संध्याकाळी वॉरेन खाली भांडी घासत असताना ती वर शॉवरखाली उभी राहिली. मुद्दाम. पाणी कढत आलं आणि कढतच राहिलं. बोटांना सुरकुत्या पडल्या तरी तिने नळ बंद केला नाही. ती रडलीसुद्धा थोडी. तीस वर्षांची रांग तिने मोडली होती.

रात्री जेवताना ब्रेंडांचा फोन आला. वॉरेनने आईला सगळं कौतुकाने सांगितलं आणि फोन बायकोकडे दिला.

"चमचे फेकले नाहीस ना?" ब्रेंडांनी विचारलं.

"नाही. ड्रॉवरमध्ये आहेत."

"वरचासुद्धा?"

"दोन्ही."

स्कारबरोला कुठेतरी मांजर ओरडलं. ब्रेंडांनी त्याला दटावलं.

"वरचा वर ठेवायचा असतो गं," मग त्या म्हणाल्या. "तुझं ऐकू कसं जाणार आता?"

"पण आता त्याची गरजच नाही, ब्रेंडा. पाणी सगळ्यांना पुरतं."

"तेच म्हणते मी," ब्रेंडा म्हणाल्या, आणि फोन वॉरेनला द्यायला सांगितलं.

८

नऊ दिवस गेले. घर इतकं गप्प झालं की टॅम्सिनला आपल्या जुन्या वैतागाची आठवण यायला लागली.

दहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता ती शॉवरमध्ये होती. वॉरेन बसवर. दाराला आतून कडी होती, पण घरात एकट्या बाईने कडी लावणं म्हणजे पुन्हा तेच मान्य करणं. म्हणून ती मुद्दाम लावत नसे. केसांना फेस लावायला तिने पाणी बंद केलं. पाणी चालू ठेवून साबण लावायचं, एवढी ऐट तिच्या हाताला अजून जमत नव्हती.

पाणी थांबलं तशी तिला खालची शांतता ऐकू आली. मग ड्रॉवर किंचाळला.

तिचे हात केसांतच राहिले.

ठक्, ठक्.

जोरात नव्हते. शहाण्यासारखे, रीतसर दोन ठोके, भिंतीत राहिलेल्या तांब्याच्या तुकड्यावर. पाइपातून नव्हे, जिन्यातून वर आले. पाण्यात कोणी आहे का?

टॅम्सिनने हात लांबवला. खिळा होता, दोरी नव्हती. तिने आजूबाजूला बघितलं. साबण. स्पंज. शाम्पूची बाटली. बोटात लग्नाची अंगठी होती. तिने मूठ वळली आणि अंगठी पाइपावर आपटली. प्लास्टिक दबलं. टिचकीएवढा आवाज झाला, तो पडद्याबाहेरही गेला नसेल. तिने पुन्हा आपटली. पुन्हा. बोट सोललं.

"मी आहे!" ती ओरडली. "आत मी आहे!"

आवाज फरशांवर आपटून तिच्याकडेच परत आला. या घरात हाक कधीच चालली नव्हती. तीस वर्षं चमचाच चालत होता.

तिला एक सुचलं. तिने नळ पूर्ण सोडला. पाणी वाहिलं की बॉयलर पेटतो, तो घुमतो, आणि खाली उभ्या असलेल्या कोणालाही कळतं की वर कोणीतरी आहे. रेडिएटरवर हात ठेवून बसणाऱ्यालासुद्धा. पाणी आलं. कढत, भरपूर. खाली काहीच पेटलं नाही. कपाटातल्या टाकीने ते गपचूप दिलं.

खाली जे होतं ते थांबलं. उत्तराची वाट बघावी तेवढा वेळ, रीतीला धरून. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली. लपूनछपून नव्हे, घाईने नव्हे. न्हाणीघर रिकामं आहे अशी खात्री करून घेतलेलं माणूस सकाळी जसं चढतं, तशी. शेवटची पायरी वाजली.

दार उघडलं आणि वाफ बाहेर ओढली गेली. दांडीवर काहीतरी मऊ टाकल्याचा आवाज झाला. मग एकेक काठ जुळवल्याचा. एक घडी. दोन. तीन. टॅम्सिन भिंतीला पाठ लावून उभी होती, फेस डोळ्यांत उतरत होता, आणि तिला डोळे मिटवत नव्हते.

पडद्याच्या कडेने एक हात आत आला. आपण सगळेच घालतो तसा, पाणी तापलंय का ते बघायला. तळवा वर होता. बोटं पांढरी, टोकांना खोल सुरकुत्या. फार फार वेळ पाण्यात राहिलेली. धारेखाली तो हात थोडा वेळ थांबला. उलटा झाला, सुलटा झाला.

तिने श्वास धरून वाट बघितली. आता गार होईल. आता नक्कीच गार होईल.

पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्या. पाणी मुळीच गार झालं नाही. जॅकीने सांगितलं होतं तसंच, ते दोघांना पुरेल एवढं होतं.